डच खेडुतांच्या चित्राची डावी कड

बाई,

तुम्ही दिलेलं चित्र मागच्या रविवारी उघडलं. मागचा ब्राऊन पेपर चाकूने कापला, गंजलेले खिळे पकडीने उपसले आणि पुठ्ठा बाहेर काढला. बायको आणि मुलगी समोरच होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. पण तुम्ही त्यात काय करून ठेवलं होतं ते त्यांना सांगून पुरेसं कळलं नाही, किंवा मलाच नीट सांगता आलं नाही. ते तुमच्याशीच बोलायला हवं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसलो आहे. लॅपटॉप असताना मी हाताने काय लिहितोय ते बघायला मुलगी मघापासून येरझाऱ्या घालते आहे.

मी आयर्लंडमध्ये असतो, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात पहिल्या नोकरीत होतो, म्हणजे तुमच्या लेखी मी फार तर पुण्यापर्यंत पोचलेला मुलगा. इथे डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये आमचं घर आहे. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं, मागे चादरीएवढी बाग. नागपूरच्या माणसाला इथल्या हवेचं काय सांगायचं. आपल्याकडे मे महिन्यात ऊन न विचारता घरात शिरतं, आणि इथे ऊन पडलं की शेजारी एकमेकांना ते पडल्याचं कळवतात. ओल मात्र बाराही महिने मुक्कामाला असते. ओलीचं मी उगाच सांगत नाही, तिच्यामुळेच चित्र उघडावं लागलं. नाहीतर मी आणखी किती वर्षं टाळाटाळ केली असती कोण जाणे.

आपल्या शाळेतला चित्रकलेचा वर्ग सगळ्यात वर, पत्र्याखाली. उन्हाळ्यात तिथे बसणं ही शिक्षाच होती, पण तुम्ही खिडक्यांना ओली पोती बांधायचात आणि त्या वासात आम्ही रंग कालवायचो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा. विषय मिळायचा आणि पाहिलेलं आठवून चित्र काढायचं. एक दिवस सरावाला तुम्ही फळ्यावर 'पाणवठा' एवढंच लिहिलंत. आम्हा सगळ्यांच्या हाताला एकच चित्र पाठ होतं. डावीकडे झाड, उजवीकडे झोपडी, मागे दोन डोंगर, त्यांच्यामधे अर्धा सूर्य, आणि पुढे विहिरीवर डोक्यावर घडे घेतलेल्या बायका. बायका नेहमी पाठमोऱ्या, म्हणजे नाकडोळे काढायची कटकट नाही. मी सगळ्यांच्या आधी ते रंगवून हाताची घडी घालून बसलो होतो. तुम्ही मागून आलात. म्हणालात, "कुठली विहीर काढून राहिला तू?" मी म्हटलं, गावाकडची. "गाव कोणतं तुझं?" मी चित्रातल्या झोपडीकडे बोट दाखवलं. आम्हाला गाव नव्हतंच. आजोबांपासून आम्ही नागपुरातच, रेल्वेलाइनच्या मागच्या वस्तीत. सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

"तुमच्याकडे पाणी कुठून येते?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, टँकर येतो, बाई. "मग टँकर का नाही काढला? आणि या बायकांच्या पाठी बघ. सगळ्या एकाच साच्यातल्या. तोंड नाही जमत तर पाठ काढ, पण पाठ तरी बघून काढ. आज टँकर आला की घागर बाजूला ठेव आणि नुसता उभा राहा." मी खरंच उभा राहिलो. पाणी संपलं तरी आमची घागर कोरडीच, म्हणून आईने मला सगळ्या वस्तीसमोर फैलावर घेतलं. पण मला पहिल्यांदाच दिसलं की समोरचे काका तोंडात ब्रश धरून, बनियनवरच पाइप ओढायला धावतात. दिसलं की भांडणाऱ्या दोघी भांडता भांडता एकमेकींच्या बादल्या पुढे सरकवून देतात, ड्रायव्हर खिडकीतून पाय बाहेर काढून झोपलेला असतो, आणि टँकरखाली ठिबकणारं पाणी प्यायला एक कुत्रं रोज वेळेवर येतं. ते सगळं मी काढलं. तुम्ही ते चित्र खिडकीशी नेलंत, तिरकं धरलंत, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलंत. तिथे खोडरबराने कागद खरवडला गेला होता. "इथे काय होतं?" मी म्हटलं, एक लेकरू नालीवर शी करायला बसलं होतं, वाईट दिसतं म्हणून खोडलं. तेव्हा तुम्ही रागावलात. आवाज चढवला नाहीत, पण रागावलात. "जे होतं ते खोडायचं नाही," म्हणालात. मग पेन्सिल घेऊन ते लेकरू तुम्ही स्वतःच परत काढलंत आणि त्याच्यापुढे एक बादली ठेवलीत. बादलीच्या वरून त्याचं डोकं दिसत राहिलं.

त्याच आठवड्यात तुम्ही ते कॅलेंडर आणलंत. तुमचा भाचा जहाजावर नोकरीला होता, त्याने हॉलंडहून आणलेलं, महिन्याला एक चित्र. आम्हाला वाटलं होतं, परदेशी कॅलेंडर म्हणजे बर्फाचे डोंगर आणि फुलांच्या बागा असणार. निघाले अंधाऱ्या खोल्यांतले शेतकरी. ठिगळं लावलेल्या विजारी, पडलेले दात, चिलमी, चुलीपाशी बसून भाजी सोलणारी बाई, मांडीवरच्या पोराचं ढुंगण पुसणारा बाप, कढई चाटणारं कुत्रं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, गोरे लोकं गरीब पण असतात?" तो प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. आमच्या डोक्यात गोरा माणूस म्हणजे बूट घातलेला साहेब, त्याला चूल असते हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगितलंत की ही चित्रं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची आहेत, आणि ती काही राजवाड्यांसाठी काढलेली नव्हती. तिथले दुकानदार, पाववाले, कारागीर विकत घ्यायचे आणि आपल्या घरात लावायचे. "बघा, यातलं कोणी फोटोसाठी तयार होऊन बसलेलं नाही. आणि आधी कोपरे बघा. मधलं तर सगळ्यांनाच दिसते." आम्ही कोपरे बघायला लागलो. एकात मांजर मासा पळवत होती, एकात म्हातारी बसल्या जागी झोपली होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, असं त्या शाळेत मी तेवढंच एकदा पाहिलं.

दहावीचा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तुमच्या घरी आलो, तेव्हा त्या कॅलेंडरचं एक पान तुम्ही फ्रेम करून तयार ठेवलं होतं. खेड्यातल्या दारूच्या गुत्त्याचं अंगण. बाहेर टेबल, टेबलाभोवती टोपीवाले शेतकरी, जगमधून बीअर ओतणारी बाई, कुत्र्याला आपल्या चमच्याने भरवणारी एक चिमुरडी, कोंबड्या, मागे दोघं तोल सावरत नाचताहेत, आणि वर भलंमोठं आभाळ. डावीकडे नुसती गुत्त्याची भिंत. फ्रेम जुन्या सागवानाची, चित्राभोवती जाड पुठ्ठ्याचा पांढरा माउंट, सगळं तुम्ही घरीच केलेलं. फ्रेम उलटी करून तुम्ही मला मागची बाजू दाखवलीत. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलं की कागदाला कसर लागत नाही, हे तेव्हाच ऐकलं. खळीला त्याची निळसर झाक आली होती. "भिंतीवर लाव," म्हणालात. "पेटीत ठेवून देऊ नको. आणि आधी आईला दाखव." शेवटचं वाक्य तुम्ही का म्हणालात, ते मला मागच्या रविवारी कळलं.

आईने चित्र हातात घेतलं आणि नाक मुरडलं. देव नाही, देखावा नाही, हे दारुडे कोण, असं तिचं म्हणणं. तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ही लेक कुत्र्याला भरवून राहिली ती छान आहे. शिवाय बाईंनी दिलेलं, म्हणून लागलं एकदाचं हॉलमधे, खिडकीच्या समोर. नागपूरचं ऊन रोज दुपारी त्याच्यावर यायचं. मी कॉलेजात गेलो, पुण्याला गेलो, लग्न झालं, सुटीत घरी यायचो तेव्हा ते शेतकरी आपले तिथेच असायचे, दर खेपेला थोडे फिकट. कॅलेंडरच्या छपाईतला लाल आणि पिवळा रंग उन्हाने आधी उडतो आणि मागे निळा उरतो. हळूहळू सगळा गुत्ताच निळसर राखाडी झाला. मला तो मूळचाच तसा वाटायला लागला होता.

इथे मी ज्या कारखान्यात आहे तिथे शरीरात बसवायची छोटी उपकरणं होतात. ती निर्जंतुक करून पाऊचमधे सील होतात, आणि सील नीट आहे की नाही ते बघणाऱ्यांमधे मी आहे. आता मोठ्या हुद्द्यावर आहे, पण सुरुवात भिंगाखाली पाऊच धरण्यापासूनच झाली. नवीन आलेले लोक पाऊचच्या मधे बघतात, कारण वस्तू मधे असते. सील सुटतं ते कोपऱ्यात. पहिल्याच महिन्यात मी असे काही कोपरे पकडले, तेव्हा माझ्या सुपरवायझरने विचारलं की हे तू कुठे शिकलास. नागपूरला पत्र्याखाली एक बाई होत्या, असं इंग्रजीत म्हणून बघितलं, पण ते काही जमलं नाही. माझं घर, मुलीची शाळा, हे टेबल, सगळं त्या एका सवयीवर उभं आहे असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, उगाच चढवून नको सांगू. पण मला तसंच वाटतं, आणि हे तुम्हाला तुमच्या तोंडावर एकदाही सांगितलं नाही याची रुखरुख आहे.

इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बायको अजून पुण्यातच होती आणि मी डब्लिनमधेच ब्युमॉन्टला एका घरातली खोली घेऊन राहत होतो. शनिवार-रविवार खायला उठायचे. शहरातल्या चित्रसंग्रहालयात जायला तिकीट नाही आणि आत ऊब असते, म्हणून एका शनिवारी शिरलो. हिंडत हिंडत एका दालनात गेलो आणि जागीच थांबलो. समोर आमच्या हॉलमधले लोक होते. तेच ते नव्हेत, पण त्याच टोप्या, त्याच चिलमी, तीच अंधारी स्वयंपाकघरं, तेच पडलेले दात. बाई, परक्या मुलखात आल्यापासून मला ओळखीचे वाटलेले पहिले चेहरे हे तुमचे डच खेडूत. सवयीने कोपरे बघायला लागलो, आणि एका चित्रात, जत्रेच्या गर्दीच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून एक बाप्या निवांत लघवी करत होता. कुठलाही आडपडदा नाही, पाय फाकवून, मान जराशी खाली. मी मोठ्याने हसलो. दालनातला रखवालदार जवळ आला, त्याने बघितलं मी कुठे बघतोय ते, आणि म्हणाला, "आह, यू फाउंड युअर मॅन." इथे कुठल्याही गड्याला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे आपला तो. मग त्यानेच सांगितलं की या चित्रकारांच्या जत्रांत आणि गुत्त्यांत असा एखादा असतोच, कित्येक मालकांनी लाजून त्यावर झुडुपं रंगवून घेतली, काहींनी तर कड कापूनच टाकली. बाहेर आलो तेव्हा पहिला विचार हाच आला की हे बाईंना सांगायला हवं. आणि मग आठवलं की तुम्ही नाही आहात.

पुढे घर घेतलं, आणि आईकडून तुमचं चित्र मागून आणलं. स्वयंपाकघरात, मसाल्यांच्या फळीच्या वर लावलं. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत येतं. कपाटाला ती प्रेस म्हणते आणि ठीक आहे म्हणायचं असेल तर ग्रँड. एकदा नाश्ता करता करता ती त्या चित्राकडे बघून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट ईव्हन." मी म्हटलं, काय सरळ नाही? ती उठली, फळीशी गेली आणि बोटं लावून दाखवायला लागली. माउंट उजवीकडे तिच्या दोन बोटांचा होता, वर-खाली तितकाच, आणि डावीकडे चांगला चार बोटांचा. मी जिथे पोटापाण्यासाठी केसाएवढा फरक पकडतो, तिथे तुम्हीच दिलेल्या चित्राची कड मी इतक्या वर्षांत बघितली नव्हती. आणि तुमचा हात चुकणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तुम्ही पट्टी न लावता सरळ रेघ मारायचात. म्हणजे डावीकडे काहीतरी होतं, आणि डावीकडे गुत्त्याची भिंत होती. माझ्या डोळ्यांसमोर तो संग्रहालयातला बाप्याच आला.

हसू आलंच. पण रात्रीपर्यंत ते मावळलं आणि मनात एक शंका येऊन बसली. कॅलेंडरचं पान फ्रेमपेक्षा मोठं असणार. मग तुम्ही ती कड झाकलीत की कापलीत? तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो, दिसत तर नव्हतंच. मला फरक पडत होता. जे होतं ते खोडायचं नाही, हे तुमचं वाक्य मी नुसतं चित्रापुरतं ठेवलं नव्हतं. कारखान्यात एकदा खालच्या लोकांच्या चुका अहवालातून गाळाव्यात असं मला सुचवण्यात आलं होतं. मी नाही म्हटलं, आणि तेव्हा माझ्या पाठीशी तुमचं ते एक वाक्य होतं. आता जर मागे कात्रीने कापलेली कड निघाली, तर त्या वाक्याचं मी काय करायचं होतं? बायको म्हणाली, उघडून बघ की. मी म्हटलं, मागचा कागद बाईंनी स्वतः चिकटवलाय, तो फाडवत नाही. तेही खरं होतं. तुमच्या हातचं माझ्याकडे तेवढंच आहे. पण खरं कारण म्हणजे मी घाबरत होतो, आणि तसाच काही वर्षं घाबरत राहिलो.

मग यंदाच्या हिवाळ्यात काचेच्या आतून काळे ठिपके दिसायला लागले. आधी खालच्या कडेला, मग कोंबड्यांवर, मग चमच्याने भरवणाऱ्या त्या मुलीच्या झग्यापर्यंत. बुरशी. मोरचूद कसरीला पुरे पडलं, पण आयर्लंडच्या ओलीपुढे त्याचं काही चाललं नाही. बायको सरळ माणूस आहे. म्हणाली, "एक तर उघड, नाहीतर आहे तसं संपू दे, पण रोज उठून त्याच्याकडे असं बघत उभा नको राहूस, पोहे करपतात." रविवारी दुपारी मी टेबलावर जुनी चादर अंथरली. ब्राऊन पेपरवर चाकू ठेवला आणि परत उचलला, हे मुलीने बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कागद चर्रकन फाटला. खळीची निळी झाक अजून होती. खिळे काढले, पुठ्ठा काढला, माउंट दोन्ही हातांनी हलकेच उचलला.

तो होता, बाई. अख्खा होता. भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, एक हात भिंतीला टेकवून उभा. पान कुठेही कापलेलं नव्हतं. डावीकडे त्याच्याही पलीकडचा कोरा कागद तसाच होता, कॅलेंडरवाल्याने सोडलेला. वर आभाळाचा आणि खाली जमिनीचा भाग मावत नव्हता, तो तुम्ही मागे दुमडून ठेवला होता, घडीवर नख सुद्धा दाबलं नव्हतं. आणि त्याची टोपी लाल होती. मी हे दोनदा वाचून बघितलं, नीट लिहिलंय का ते, कारण ते मला तुम्हाला बरोबर सांगायचं आहे. नागपूरच्या उन्हाने बाकी सगळे निळे-राखाडी झाले होते, बीअरवाली, नाचणारे, चिलमीवाले, कोंबड्या. तुमच्या पुठ्ठ्याखाली तो एकटा जसा छापला तसा राहिला होता. लाल टोपी, पिवळसर विजार, आणि भिंतीवरची उन्हाची तिरीप. चित्र मुळात संध्याकाळचं आहे, ऊन डावीकडून येतंय, हे मला त्याच्यामुळे पहिल्यांदा कळलं. मुलगी म्हणाली, "ही इज द बेस्ट वन." मी रडलो. बायकोने पाणी दिलं आणि टेबलावरचे खिळे गोळा केले.

मग एकेक सुचत गेलं. आईला आधी दाखव, म्हणाला होतात. तो दिसला असता तर आईने चित्र त्याच दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं, आणि तिचं तरी काय चुकलं असतं, हॉलमधे पाहुणे यायचे, शेजारी देवाचा फोटो होता. चित्र पेटीत जाऊ नये म्हणून तुम्ही दोन बोटं जास्त पुठ्ठा दिलात, तो झाकला जाईल एवढाच. आणि तेव्हा मला ती बादली आठवली. तुमच्या रागावण्यातलं अर्धंच मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. न खोडण्याचं लक्षात राहिलं, लेकरापुढे बादली ठेवलेली विसरलो. त्यातल्या या दुसऱ्या, बादलीच्या अर्ध्याबद्दल मी तुमचा जास्त ऋणी आहे असं आता वाटतं, कारण पहिल्या अर्ध्याने मला ताठ उभं राहायला शिकवलं, पण माणसांत राहायचं तर हे दुसरंही लागतं. तुम्ही माझ्या आईवर नाराज न होता तिच्यासाठी पुठ्ठा कापलात. ते चित्र आमच्या घरात इतकी वर्षं राहिलं, त्यातल्या मुलीला आई नावं ठेवता ठेवता मायेने बघत राहिली, ते सगळं त्या दोन बोटांमुळे.

बुरशी मी बागेत नेऊन मऊ ब्रशने झाडली. मग पान कोऱ्या कागदांत घालून हॉट प्रेसमधे ठेवलं. इथे गरम पाण्याच्या टाकीभोवती टॉवेल वाळवायचं कपाट असतं, त्याला तसं म्हणतात. कोंबड्यांवर डाग राहिलेत, ते राहू दिले. नवीन माउंट मीच कापला, चारही बाजूंनी सारखा, तो मोकळा दिसेल असा. मागे खळ लावली, मोरचूद इथे कुठे मिळतं ते कळलं नाही म्हणून नुसतीच. शेजारचे आजोबा शिडी परत द्यायला आले होते, ते चित्रासमोर टोपी काढून उभे राहिले. पश्चिमेकडच्या एका शेतावर ते वाढले. म्हणाले, आमच्याही स्वयंपाकघरात कोंबड्या अशाच फिरायच्या. मग डावीकडे बघून म्हणाले, "युअर मॅन हॅज द राइट आयडिया," आणि चहा घेऊन गेले.

हा कागद मी टपालात टाकणार नाही हे उघडच आहे. ड्रॉवरमधे राहील. पण उठण्याआधी एक सांगून टाकतो. पुढच्या महिन्यात आई नागपूरहून येते आहे, उन्हाळाभर राहील. तिला ते चित्र पाठ आहे, आल्या आल्या ती फळीशी जाऊन आधी तिच्या त्या चमचेवाल्या लेकीला बघणार. म्हणून काल मी मसाल्यांची फळी जरा लावून बघितली, आणि मिठाची बरणी डावीकडे, नेमकी त्याच्यापुढे सरकवून ठेवली. प्रेसमधे एक उंच बरणी होती, तिने तो पूर्ण झाकला गेला असता. मी बुटकी घेतली. तिच्या वरून त्याची लाल टोपी दिसते.